बिलुंड : खेळण्यांच्या गावातील मोलाचा हिशेब

डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पाच्या मध्यभागी, समुद्रापासून दूर, वाळूमिश्रित जमिनीच्या सपाट माळावर बिलुंड हे लहानसे गाव वसले आहे. लोकवस्ती सुमारे सात हजार. गावात रेल्वे येत नाही. वाइले या जवळच्या शहरी उतरून पुढचा सुमारे तीस किलोमीटरचा प्रवास बसने करावा लागतो. येथे मोठी नदी नाही, डोंगर नाही, जुना किल्ला नाही. तरीही डेन्मार्कमधील दुसऱ्या क्रमांकाचा गजबजलेला विमानतळ याच गावाच्या वेशीवर आहे आणि जगभरातील कुटुंबे मुलाबाळांसह येथे येतात. या साऱ्याचे कारण बोटांच्या चिमटीत मावणारा प्लास्टिकचा एक ठोकळा आहे. लेगोचे हे जन्मगाव.

लेगोच्या चाहत्यांत अलीकडे आणखी एक वर्ग मिसळला आहे. त्याला खेळायचे नसते, पारखायचे असते. कोणता संच कोणत्या साली निघाला, किती काळ विकला गेला, त्याचे उत्पादन कधी थांबले आणि त्याच्या सीलबंद खोक्याला आज काय भाव आहे, हे त्याला तोंडपाठ असते. सोने, जमीन आणि समभाग यांच्या जोडीला लेगोचे न उघडलेले खोके कपाटात रचून ठेवणारी माणसे आता पुष्कळ देशांत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात मुरलेल्या घरांना या व्यवहाराचे कुतूहल वाटावे, हे स्वाभाविकच आहे. मात्र त्या कुतूहलाबरोबर एक प्रश्नही घरात येतो. मुलासाठी आणलेला खोका त्याच्या हाती द्यावा, की पुढे भाव येईल म्हणून माळ्यावर ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर शोधायला बिलुंडइतकी योग्य जागा दुसरी नाही.

तिसरा हात

गावाच्या मुख्य रस्त्यावर दारापुढे दोन सिंह असलेले एक जुने घर आहे. ओले कर्क ख्रिस्तियनसन या सुताराचे हे घर. त्याने १९१६ साली बिलुंडमधील सुतारकामाची कार्यशाळा विकत घेतली आणि आसपासच्या शेतकऱ्यांसाठी तो घरे व लाकडी सामान बनवू लागला. १९२४ साली त्याच्या मुलांच्या हातून लाकडाच्या भुशाने पेट घेतला आणि घर व कार्यशाळा दोन्ही जळाली. आजचे घर त्यानंतरचे. पुढे जागतिक मंदी आली, शेतकऱ्यांच्या हाती पैसा उरला नाही, बांधकामे थांबली. तेव्हा १९३२ साली ओले कर्कने उरल्यासुरल्या कामाला लाकडी खेळण्यांची जोड दिली. डॅनिश भाषेत ‘लेग गॉट’ म्हणजे ‘छान खेळ’. त्या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘लेगो’ हे नाव झाले.

या घराण्यात एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. खेळण्यातील लाकडी बदकांवर वार्निशाचे तीन हात देण्याची पद्धत होती. एकदा ओले कर्कचा मुलगा गॉटफ्रेड याने दोनच हात दिले, माल रेल्वे स्थानकावर पोहोचवला आणि वाचलेल्या पैशांची हकीकत मोठ्या अभिमानाने वडिलांना सांगितली. वडिलांनी शाबासकी दिली नाही. स्थानकावर जाऊन खोके परत आणायचे, बदकांना तिसरा हात द्यायचा आणि मगच माल रवाना करायचा, असे त्यांनी फर्मावले. मुलाने ते काम एकट्याने, रात्र जागवून पुरे केले.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ येतो. उत्तम मालाच्या नावाखाली हलका माल देणे हा त्याचा अर्थ. बिलुंडच्या सुताराने हा शब्द ऐकलेला असणे शक्य नव्हते. पण त्याने मुलाला शिकवलेला धडा याच जातीचा होता. या खेळण्याला पुढे जो भाव आला, त्याचा पाया या तिसऱ्या हातात आहे. जी वस्तू मुळातच कच्ची असते, तिला जुनेपणाने किंमत येत नाही.

न बदललेला ठोकळा

दुसऱ्या महायुद्धानंतर ओले कर्कने प्लास्टिकचे साचेकाम करणारे यंत्र विकत घेतले. १९४९ पासून जोडता येणारे प्लास्टिकचे ठोकळे निघू लागले, पण त्यांची पकड सैल होती. ठोकळ्याच्या पोटात पोकळ नळ्या बसवण्याची युक्ती सापडली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी तिच्या एकस्वाधिकारासाठी अर्ज करण्यात आला. त्याच वर्षी ओले कर्कचे निधन झाले आणि कारभार गॉटफ्रेडकडे आला. १९६० साली लाकडी खेळण्यांचे कोठार आगीत गेले. त्यानंतर घराण्याने लाकूड सोडून सारे लक्ष प्लास्टिकच्या ठोकळ्यावर दिले. १९६८ साली बिलुंडला लेगोलँड हे उद्यान उघडले आणि १९७८ साली हात-पाय हलवणारा इवलासा लेगो बाहुला आला.

पारख करणाऱ्याने या इतिहासातील दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की, १९५८ साली बनलेला ठोकळा आज बनलेल्या ठोकळ्यात घट्ट बसतो. त्यामुळे जुना संच निरुपयोगी ठरत नाही आणि त्याचा सुटा तुकडाही विकला जातो. दुसरी गोष्ट द्रव्याची आहे. सुरुवातीचे ठोकळे सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे होते आणि ते काळाने वाकतात. १९६३ पासून वापरात आलेले एबीएस प्लास्टिक आकार टिकवते. मात्र उन्हात राहिले की पांढरा आणि निळा रंग पिवळट पडतो. सराफ जसा आधी धातू पाहतो आणि मग नक्षी, तसे येथेही आधी द्रव्य पाहावे लागते.

लेगो हाउसच्या तळघरात

गावाच्या मध्यभागी सप्टेंबर २०१७ मध्ये ‘लेगो हाउस’ खुले झाले. डॅनिश वास्तुकार ब्यार्के इंगेल्स यांच्या संस्थेने उभारलेली ही वास्तू दुरून पाहिली तर एकवीस महाकाय पांढरे ठोकळे एकमेकांवर रचल्यासारखी दिसते. उंची तेवीस मीटर. आत जिन्यालगत पंधरा मीटरहून उंच असा एक वृक्ष आहे आणि तो त्रेसष्ट लाखांहून अधिक ठोकळ्यांचा आहे. वरच्या दालनांत मुले जमिनीवर बसून तासन्‌तास घरे, पूल, गाड्या रचतात आणि मोडतात. तेथे आवाज असतो.

तळघरात तो आवाज पोहोचत नाही. तेथे कंपनीचा इतिहास मांडला आहे आणि निवडक जुने संच त्यांच्या मूळ खोक्यांसह जपले आहेत. येथे मुलांपेक्षा त्यांचे आई-बाप अधिक रेंगाळतात. एखाद्या खोक्यासमोर माणूस थबकतो, कारण तोच खोका त्याच्या सातव्या किंवा आठव्या वाढदिवसाला घरी आलेला असतो. बाजारात ज्याला मागणी म्हणतात, तिचे मूळ रूप हे आहे. लहानपणी जे हाती होते आणि हरवले, ते मिळकत आल्यावर पुन्हा हवेसे वाटते. संच बाजारात आल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी त्याचा ग्राहक वयात येतो.

आणि येथेच या गुंतवणुकीचे मर्म दिसते. सीलबंद खोका दुर्मीळ होतो, कारण इतर घरांतील खोके उघडले गेले. त्या मुलांनी तुकडे हरवले, पुठ्ठा फाडला, पुस्तिका चुरगळली. न उघडलेल्या खोक्याचा भाव उघडलेल्या खोक्यांनी ठरवलेला असतो. सर्वांनीच खोके जपून ठेवले, तर दुर्मीळता उरणार नाही आणि त्या खेळाची ओढही कुणाच्या मनात उरणार नाही.

सरासरी आणि घर

या बाजाराचा गंभीर अभ्यासही झाला आहे. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या विद्यापीठातील व्हिक्टोरिया डोब्रिन्स्काया आणि युलिया किशिलोवा यांनी १९८७ ते २०१५ या काळातील २,३०० हून अधिक संचांच्या मूळ आणि दुय्यम बाजारातील किमती तपासल्या. सरासरी परतावा वर्षाला किमान ११ टक्के निघाला. या दराने शंभर रुपयांचे दहा वर्षांत सुमारे २८४ रुपये होतात. उत्पादन बंद झाल्यावर लगेच नव्हे, तर साधारण दोन-तीन वर्षांनी भाव चढू लागतो आणि मध्यम आकाराच्या संचांपेक्षा अगदी लहान व अगदी मोठे संच अधिक वाढतात, असेही त्यांना आढळले.

हा आकडा वाचून अनेकांचे डोळे दिपतात. पण त्याच अभ्यासातील दुसरा आकडा कमी सांगितला जातो. निरनिराळ्या संचांचा वार्षिक परतावा उणे ५० टक्क्यांपासून अधिक ६०० टक्क्यांपर्यंत पसरलेला होता. सरासरी ही गावाची असते, घराची नसते. दोन हजार संच घेणाऱ्याला ती लाभेल; कपाटात चार खोके ठेवणाऱ्याला त्या चार खोक्यांचेच नशीब लाभणार. शिवाय विक्रीचे दलाली शुल्क, मोठ्या खोक्याचा पाठवणी खर्च, अडवलेली जागा आणि योग्य ग्राहक मिळेपर्यंतची वाट, हे सर्व हिशेबात धरावे लागते. खोका पडून असताना त्यावर लाभांश मिळत नाही, व्याज मिळत नाही.

दोन ताजमहाल

भाव कसा चढतो आणि कसा कोसळतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण योगायोगाने भारतीय वास्तूचे आहे. २००८ साली लेगोने ताजमहालाचा संच काढला. तुकडे ५,९२२, अमेरिकेतील किंमत सुमारे ३०० डॉलर. त्या काळच्या सर्वांत मोठ्या संचांपैकी तो एक होता. थोड्याच वर्षांत त्याचे उत्पादन थांबले आणि सीलबंद खोक्याचा भाव चढत चढत दोन हजार डॉलरच्या पुढे गेला. ज्यांच्याजवळ तो होता, ते स्वतःला दूरदर्शी समजू लागले.

नोव्हेंबर २०१७ मध्ये लेगोने तोच ताजमहाल नव्या क्रमांकाने पुन्हा बाजारात आणला. तुकडे ५,९२३, म्हणजे केवळ एक अधिक. किंमत सुमारे ३७० डॉलर. जुन्या खोक्याचे भाव झपाट्याने खाली आले. खोका तोच होता, त्याचे सील शाबूत होते, मालकाने कोणतीही हयगय केली नव्हती. बदलली होती ती केवळ बिलुंडची इच्छा.

त्याच वर्षी आणखी एक असा प्रसंग घडला. २००७ साली निघालेला ‘मिलेनियम फाल्कन’ हा ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील यानाचा सुमारे ५,२०० तुकड्यांचा संच मूळ ५०० डॉलरवरून कित्येक हजार डॉलरवर पोहोचला होता. २०१७ साली ७,५४१ तुकड्यांचा, अधिक रेखीव असा नवा फाल्कन ८०० डॉलरला आला आणि जुन्याचे तेज उतरले. नव्या यानाचे खोके साठवणाऱ्यांनाही चटकन लाभ झाला नाही, कारण तो संच अनेक वर्षे दुकानांत मिळतच राहिला. उलट २००७ सालचाच ‘कॅफे कॉर्नर’, अवघ्या १४० डॉलरचा आणि २,०५६ तुकड्यांचा, पुढे हजार डॉलरच्या पार गेला. रस्त्याकडेला ओळीने मांडायच्या इमारतींच्या मालिकेतील ती पहिली इमारत होती. मालिका लोकप्रिय झाली, नंतरच्या इमारती घेणाऱ्यांना पहिली हवीशी झाली आणि पहिली मात्र बाजारातून गेलेली होती.

टाकसाळ ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर नाण्याची दुर्मीळता असते. जुन्या मूर्तीचा शिल्पकार परत येत नाही, जुन्या हस्तलिखिताचा लेखनिक परत येत नाही. लेगोचा कारखाना मात्र चालू आहे. सुटे तुकडे आणि जुने संच यांची २००० साली सुरू झालेली ‘ब्रिकलिंक’ ही मोठी बाजारपेठही लेगोने २०१९ साली विकत घेतली. लोकांना कोणत्या जुन्या संचाची ओढ आहे, हे आता कंपनीला घरबसल्या दिसते. गुंतवणूकदाराने हा धोका आकड्यांच्या आधी मांडावा.

पारख कशी करावी

जाणकार संग्राहक एखादा संच हाती घेतला की काही ठरावीक गोष्टी तपासतो. तो मालिकेतील पहिला आहे काय? त्यातील बाहुला अन्य कोणत्या संचात मिळतो काय? विषय एका चित्रपटाच्या हंगामापुरता आहे, की दहा वर्षांनीही ओळखला जाईल? कंपनी तो सुधारून पुन्हा काढण्याची शक्यता किती? नंतर तो खोक्याकडे वळतो. सील मूळचे आहे काय, कोपरे दबले आहेत काय, पुठ्ठ्यावर ओलीचा डाग आहे काय. उघडलेला संच असेल तर पुस्तिकेतील यादीप्रमाणे तुकडे मोजतो, ठोकळ्यांचा रंग एकसारखा आहे काय ते उजेडात पाहतो.

नकलेचीही परीक्षा करावी लागते. चीनमधील ‘लेपिन’ या छापाखाली लेगोच्या संचांची हुबेहूब नक्कल होत असे आणि बाजारातून गेलेल्या महाग संचांच्या नकलाही स्वस्तात विकल्या जात. २०१९ साली शांघाय पोलिसांनी या धंद्यावर छापे घातले आणि पुढे संबंधितांना शिक्षा झाल्या. प्रतिरूपक हा जुना शब्द येथे अक्षरशः लागू पडतो. जुना संच स्वस्त मिळतो आहे असे दिसले, की ठोकळ्यावरच्या प्रत्येक खुंटीवरील नाव पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

भारतातील खरेदीदारापुढे आणखी अडचणी आहेत. खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर गेले. खरेदीच महाग झाली, की जागतिक भाववाढीचा मोठा वाटा सुरुवातीलाच खर्ची पडतो. त्यातून आपले हवामान. मुंबई-कोकणातील चार महिन्यांच्या पावसाळ्यात पुठ्ठा मऊ पडतो, त्याला बुरशी लागते आणि आतील चिकटचित्रांचा गोंद खराब होतो. जो माल पुठ्ठ्याच्या कोऱ्या कोपऱ्यांवर विकला जातो, त्याला ही हवा मानवत नाही.

परिमाण आधी, खरेदी मागाहून

तर मग श्रावकाच्या घरात या व्यवहाराला स्थान आहे काय? आहे, पण मोजूनमापून. गृहस्थासाठी धर्माने धनसंचयाला मज्जाव केलेला नाही, त्याला परिमाण घालून दिले आहे. बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांत जमीन, घर, सोने, धान्य यांच्याबरोबर घरातील सामानसुमानही मोजलेले आहे, आणि रचून ठेवलेले खोके त्याच सदरात पडतात. तत्त्वार्थसूत्रात आचार्यांनी परिग्रहाचे लक्षण सांगताना वस्तूकडे नव्हे, तर वस्तूवरील मूर्च्छेकडे, म्हणजे आसक्तीकडे बोट दाखवले आहे. एकच खोका एका घरात माल असतो आणि दुसऱ्या घरात मूर्च्छा. मालक भाव पाहून शांतपणे झोपतो की रात्री उठून पुन्हा भाव पाहतो, यावरून तो फरक कळतो.

परिग्रह-परिमाण व्रताची रीत येथे व्यवहारातही उपयोगी आहे. खरेदीपूर्वीच किती रक्कम, किती खोके आणि किती वर्षे, हे वहीत लिहून ठेवावे. ती रक्कम बुडाली तरी संसाराला तोशीस लागू नये इतकी लहान असावी. मुदत भरली की विकावे. लोभाने पुढे ढकलू नये आणि घबराटीने आधीही विकू नये. ज्यांनी अशी सीमा आखली होती, त्यांना २०१७ चा ताजमहाल पुन्हा आला तेव्हा थोडेच गमवावे लागले. ज्यांनी सारी पुंजी माळ्यावर चढवली होती, त्यांना मोठे.

आणि मुलासाठी म्हणून आणलेला खोका या हिशेबात धरू नये. तो दानासारखा आहे. दिला की त्यावरचा हक्क सोडायचा. मुलाच्या नावाने आणून त्याच्याच हाताला लागू न देणे, यात दानही होत नाही आणि व्यापारही धड होत नाही. मूल मात्र त्यातून एवढेच शिकते की, घरात वस्तूला माणसापेक्षा वरचे स्थान आहे.

लेगो हाउसमध्ये एक साचेयंत्र प्रवाशांसमोर ठोकळे बनवत असते. येणाऱ्याच्या हाती तेथे सहा लाल ठोकळे मिळतात, प्रत्येकाच्या डोक्यावर आठ खुंट्या, आणि सोबत ते ठोकळे जोडण्याची एक रचना छापलेले पत्र. कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांच्या गणनेनुसार असे सहा ठोकळे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात. म्हणून दर प्रवाशाच्या पत्रावरील रचना निराळी असते. ती दुसऱ्या कुणाला दिलेली नसते. इतकी दुर्मीळ वस्तू, पण तिचा बाजारभाव जवळजवळ काहीच नाही. मुले ती पुडी दारातच फोडतात आणि बसथांब्यावर पोहोचेपर्यंत पत्रावरची रचना मोडून दुसरी, स्वतःची, जोडून झालेली असते.